टिटवीची साखर

मामाने बहिणीच्या फ्रीजचं दार उघडलं. वरच्या कप्प्यात, लोण्याच्या डबीशेजारी भाचीची इन्सुलिनची पेनं असायची. तिथे आता लिंबं होती.

"पेनं कुठायत गं?"

बहीण कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करताच म्हणाली, "टाकून दिली. परवा."

"टाकून दिली म्हणजे?"

"म्हणजे टाकून दिली. आणि दादा, उगाच प्रार्थनासभेच्या काकांवर घसरू नकोस. त्यांनी काही सांगितलं नाही, मीच ठरवलं. एकीकडे प्रार्थना करायची आणि दुसरीकडे सुई टोचायची, ही फसवणूक आहे. विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा."

आतल्या खोलीत भाची पलंगावर पडली होती. चौदा वर्षांची पोर. अखंड बडबड करायची म्हणून मामानेच तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. आज ती गप्प होती. ओठ सुकलेले, उशाशी पाण्याचा रिकामा तांब्या. मामा जवळ वाकला तर तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. मामाने रक्ततपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली होती. साखर जिवावर बेतेल इतकी चढल्याचा हा वास, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

तो भांडला नाही. भांडला असता तर बहिणीने तासाभरात बॅग भरली असती आणि पोरीला घेऊन सभेच्या मंडळींच्या दूरच्या आश्रमात गेली असती. तिथे कुणी कुणाला काही विचारत नसे. "जरा मोकळ्या हवेत फिरवून आणतो," म्हणाला आणि पोरीला रिक्षात घालून थेट लॅबशेजारच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत सलाईन, इन्सुलिन सगळं झालं. डॉक्टरीणबाई त्याच्या ओळखीच्या. त्या म्हणाल्या, "तक्रार करा." मामा म्हणाला, "करतो, थोडं थांबा." ते थोडं पुढे महिनाभर लांबलं.

तेव्हापासून मामा सकाळी इन्सुलिनचं पेन खिशात घालून शाळेच्या फाटकाशी उभा राहायचा आणि संध्याकाळी गणित शिकवायच्या निमित्ताने बहिणीच्या घरी हजर. दार लोटून दोघं बसायची. टिटवी एका हाताने वहीत गणित मांडायची आणि दुसऱ्याने फ्रॉकची कड वर धरायची. सुई टोचून झाली की मामा पेन डब्यात लपवायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "हातचा विसरलीस, गाढवे!"

बहिणीला या वाटेला कुणी लावलं, हा प्रश्न मामा टाळत असे, कारण उत्तर त्याला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी मेहुणा गेला. बहीण आठवडाभर एकच विचारत होती, "असं का झालं रे?" मामाने तिला सरळ सांगितलं होतं, "का वगैरे काही नसतं. वर ऐकायला कुणी बसलेलं नाही. रडून घे आणि कामाला लाग." आपण खरं बोललो, याचा त्याला तेव्हा अभिमान वाटला होता. त्याच आठवड्यात काका आले. प्रार्थनासभेचे प्रमुख, बारीक आवाजाचा, शिडशिडीत म्हातारा. ते काही बोललेच नाहीत. दोन तास तिच्याशेजारी नुसते बसून राहिले. मामाने तेवढंही केलं नव्हतं.

काका लबाड असते तर सोपं झालं असतं. पण त्यांची स्वतःची दाढ सडली होती, गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता, तरी ते दातांच्या डॉक्टरकडे गेले नव्हते. अशा माणसाचं काय करायचं?

महिना उलटला. सुईवाचून पोर टुणटुणीत, हे बहिणीने आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत आलं नव्हतं असं तेज आलं. रविवारी सभेत ती टिटवीला पुढे घेऊन उभी राहिली. मामा मागच्या बाकावर होता.

"माझी पोर बरी झाली," एवढंच बोलून ती रडू लागली. सभागृहभर हुंदके. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक सुतार उठला. त्याला लहानपणापासून फिट्स यायच्या. गोळ्यांमुळे अकरा वर्षांत एकही आली नव्हती आणि त्या बळावर तो दिवसभर करवतीच्या मशीनवर काम करायचा. त्याने खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली आणि काकांसमोरच्या टेबलावर ठेवली. "आजपासून मीही," म्हणाला.

मामा उभा राहिला.

"पोर बरी झालेली नाही. रोज दोनदा मी तिला इन्सुलिन देतोय. भाऊ, त्या गोळ्या परत खिशात घाला."

बहीण पोरीकडे वळली. "टिटवे, खरं आहे हे?"

"हो आई. मला मरायचं नव्हतं."

काका सुजल्या गालाने हसले. मायेने हसले, तेच वाईट. "बघा मंडळी, देवाची करणी. जो माणूस त्याला मानत नाही, त्याच्याच हातून त्याने पोरीला वाचवलं."

सगळ्या सभेने सुटकेचा श्वास सोडला. कुणी टाळ्याही वाजवल्या.

"आणि ती गेली असती तर?" मामा ओरडला.

"तर तीही त्याचीच इच्छा."

मामा मटकन खाली बसला. लॅबमध्ये प्रत्येक तपासणीत आपलं चुकलंय असं निघण्याची सोय असते. इथे तशी फटच नव्हती. आणि त्या क्षणी त्याला हेही सुचलं, की बहिणीसमोर 'वर कुणी बसलेलं नाही' हे वाक्य टाकताना त्याने तरी स्वतःसाठी कुठे फट ठेवली होती?

त्याच दुपारी त्याने तक्रार केली. बालकल्याणवाल्यांनी टिटवीला मामाकडे ठेवलं. बहीण भेटायला येते, दारातच उभी राहते. "दादा, तू माझ्या पोरीला माझ्याशी खोटं बोलायला शिकवलंस," असं एकदाच म्हणाली. मामाने खाली पाहिलं. सुई बरोबर होती, पण बहिणीचं म्हणणंही खोटं नव्हतं. टिटवी आता कमी बोलते.

राहिला सुतार. मामा कामावर जाताना रोज त्याच्या दुकानाशी थांबतो. सभेतल्या टेबलावरून उचलून आणलेली पाकिटं मामाच्या खिशात असतात.

"घ्या हो भाऊ. डॉक्टरांशी तरी बोला. एकदम बंद करायच्या नसतात या गोळ्या."

"आज अकरावा दिवस," सुतार हसून म्हणतो. "आली का फिट? तुम्हीच सांगा, तुम्ही तर पुराव्याची माणसं."

मग तो फळी पुढे सरकवतो आणि मशीनचं बटण दाबतो. मामा काही बोलतो, पण त्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येत नाही.