दोष कुणाच्या कुळाचा

आंघोळ केली की अंगाला खाज सुटायची आणि तोंड लालभडक व्हायचं. आमच्या बालिगे गावच्या बाजारात बायका कुजबुजायच्या, ही चोरून ताडी पिते. चोरून कशाला पिऊ? मला काय कुणाच्या बापाची भीती? शेवटी मेदान शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, जनुकात बिघाड आहे. रक्ताचा कॅन्सर, पण सावकाश चालणारा. औषधपाणी केलं तर वर्षानुवर्षं जगाल. बाकीचं पुढच्या खेपेला सांगते.

जनुक म्हणजे वाडवडिलांकडून आलेलं, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. त्यात आम्ही सुमात्रा बेटावरची बातक माणसं. दोघं भेटली की आधी कूळ विचारतात, तब्येत नंतर.

"तरी मी जोंग्गीला सांगत होते, त्या कुळातली बायको करू नकोस," माझी नणंद रोसिंतान म्हणाली.

झालं! आमच्यात बायकोच्या माहेराला देवासारखं मानतात. माझा थोरला भाऊ बिन्सार तणतणत आला. बसल्या बसल्या माहेरच्या सतरा पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या.

"सांगा, यात लाल तोंडाचं कोण होतं?"

"तेराव्या पिढीचं नाव तुम्ही फार घाईत उरकलंत," रोसिंतान म्हणाली.

माझा नवरा जोंग्गी. बिचारा कुणाची बाजू घेणार? सकाळपासून तिसऱ्यांदा डुकरांना खायला घालायला गेला.

आणि माझी रुमोंदांग, पोटुशी पोर, ताटाला हात लावेना.

"आई, बाळालाही असेल का गं?"

माझा कॅन्सर गेला खड्ड्यात, पोरीचं काय?

पुढच्या खेपेला सगळं लटांबर मेदानला गेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोष कुणाच्याच कुळाचा नाही. रक्त हाडांच्या मगजात तयार होतं. तिथल्या एका पेशीत, तुम्ही मोठ्या झाल्यावर कधीतरी, जनुकाची नक्कल उतरताना चूक झाली. तेव्हापासून तिला 'पुरे' कळत नाही, रक्त करतच सुटलीय."

'पुरे' न कळणारी माझी नणंद शेजारीच बसली होती, म्हणून मला चटकन समजलं.

"म्हणजे मला नाही?" रुमोंदांगनं विचारलं.

"नाही."

"बाळाला?"

"नाही हो. आईंना जन्मतःच नव्हता, तर तुमच्याकडे येणार कुठून?"

पोर हमसून हमसून रडली. मीही रडले. बिन्सारदादा आणि रोसिंतान मात्र तोंड पाडून बसले. दोघंही भांडायच्या तयारीनं आले होते, आणि भांडायला कूळच उरलं नाही.

शेवटी रोसिंतान फणकारली, "म्हणजे हिनं आपल्या मनानंच केलं! कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही!"

"हो वन्सं, माझ्या मनानं केलं."

रक्त घट्ट झालं होतं, पिशवीभर काढायचं ठरलं. नर्सनं सुई टोचली. जन्मभर मी आधी बापाच्या कुळाची आणि मग नवऱ्याच्या. पिशवी भरताना बघून मला हसूच फुटलं.

"हसताय काय?" नर्स म्हणाली.

"काढ बाई, हवं तेवढं काढ," मी म्हटलं. "हे माझं एकटीचं आहे."