दुसरी टिंग

मी टेबलावरची घंटी बोलतेय. पितळेची, वाटी पालथी घातल्यासारखी. डोक्यावर एक गुंडी आहे, ती दाबली की मी वाजते. मला एवढंच येतं, टिंग.

माझी पहिली नोकरी धुळ्यातल्या एका लॉजच्या काउंटरवर होती. तिथं मला कोणी घाबरत नव्हतं. झुलाल नावाचा वेटर होता. गिऱ्हाइकानं कितीही वाजवलं तरी तो म्हणायचा, "येतो ना बाबा, कानात बोळे घातलेत का मी?" आणि आपल्या चालीनं यायचा. मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, तोच शहाणा होता.

लॉज बंद पडलं. भंगाराच्या दुकानातून जगदीश सरांनी मला उचललं आणि दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आणलं. सर वाईट नव्हते. त्यांनी कधी कुणावर छडी उगारली नाही. ते नुकतेच कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले होते. शेजारच्या वर्गाच्या उषाबाईंना ते समजावून सांगायचे, "बाई, याला वर्तनवाद म्हणतात. चांगलं वागलं की लगेच बक्षीस. वाईट वागलं की बक्षीस बंद. सवय आपोआप लागते. मारायचं कामच नाही."

"आणि मधेच एखाद्याला लघवीला लागली तर?" बाईंनी विचारलं.

"थांबायचीही सवय लागते."

एक टिंग झाली की हात बांधायचे, तोंड बंद. दोन टिंग झाल्या की बोलायचं. गप्प बसेल त्याच्या नावापुढे फळ्यावर चांदणी. शनिवारी ज्याच्या चांदण्या जास्त, त्यानं मला घरी न्यायचं आणि चिंच-राखेनं घासून सोमवारी आणायचं.

हे बक्षीस भलतंच लागू पडलं. पोरं माझ्याकडे अशी बघायची, जशी मांजर दुधाकडे. पंधरवड्यात वर्ग असा शांत झाला की भिंतीवरची पाल चुकचुकली तरी ऐकू यायची. तपासणीचे साहेब आले, बघून खूश होऊन गेले. मला मात्र त्या शांततेची भीती वाटू लागली. ती झोपेची शांतता नव्हती. पोरं जागी होती.

पुनम वर्गातली सगळ्यात बडबडी. तिला कधी चांदणी मिळत नसे. पण त्या आठवड्यात ती एकदम बदलली. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणीला, दिपमालाला, सांगत होती, "शनवारे मन्हा भाऊ ई ऱ्हायना. त्याले घंटी दखाडनी शे."

"तू आन् गप बठशी?" दिपमाला हसली.

तिचा भाऊ अमृत. शाळा लवकर सोडलेला, दोंडाईचाला मिरचीच्या गोदामात पोती उचलणारा. शनिवारी तो घरी येणार होता आणि त्याला तिला मला दाखवायचं होतं.

शनिवारी दोघींच्या चांदण्या सारख्या झाल्या. सर म्हणाले, शेवटचा तास जी हलणार नाही, तिची घंटी. आणि त्यांनी मला एकदा दाबलं.

पुनम भिंतीकडेला बसली होती. तिथली फरशी तडकलेली. मी टेबलावरून बघत होते. एकाएकी तिचे खांदे उडाले. डोळे भरले. पण तिनं बांधलेले हात सोडले नाहीत. ती सरांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. दुसऱ्या टिंगची वाट बघत होती. फटीत परत शिरणारी लाल नांगी मी पाहिली. मला कुणी दाबल्याशिवाय वाजता येत नाही.

सरांनी मान वर केली. "बघा, पुनमसारखं बसायचं."

मग त्यांना नवी कल्पना सुचली. त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "आज दोन टिंग तू घरी जाऊन वाजव. तोवर कुणीच बोलायचं नाही." पोरांची मुकी रांग गावातून निघाली. सर मोबाइलवर ते टिपत होते. पारावरचे भाईदास नाना म्हणाले, "आज पोरे मुका कसाले व्हई गयात रे?" पारावरची माणसं हसली. पुनमचा तळवा घामानं निथळत होता आणि बर्फासारखा गार होता.

अमृत ओट्यावर हातपाय धूत होता. "काय व अक्का, तोंडले कुलूप लाय का?"

तिनं मला ओट्यावर ठेवलं. दोनदा दाबलं. मग म्हणाली, "भाऊ, माले इच्चू चावना."

"कव्हय?"

"शाळामा."

"मंग शाळामाच सांगानं नही का?"

"सरनी दोनदाव वाजाडी नव्हती."

तो तिला उचलून मोटरसायकलकडे धावला. आई, मंजुळाबाई, मागे बसली. मी ओट्यावरच राहिले. ऊन कलल्यावर पुनम परत आली, ती गाडीत, पांढऱ्या चादरीत.

दहाव्याला सर पोरांना घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. "फार गुणी होती," एवढंच ते बोलू शकले. अमृतनं कोनाड्यातून मला काढलं, सरांसमोर ठेवलं आणि एकदा दाबलं.

अंगणातल्या सगळ्या पोरांनी हात बांधले. रडणाऱ्या दिपमालाचा हुंदका अर्ध्यावर थांबला.

अमृत घाबरला. त्यानं मला पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. "बोला रे. बोला ना." कितीदा वाजले, काय अर्थ धरायचा, पोरांना कळेना. ती तशीच बसून राहिली.

आता मी कोनाड्यात आहे. अमृतनं माझ्या पोटात चिंधी कोंबली आहे. तो गोदामात परत गेला. डोळे लाल दिसले की लोकांना सांगतो, मिरची लागली.

तुमचं पोर शाळेत शहाण्यासारखं बसतं, असं कुणी सांगितलं, तर घरी आल्यावर त्याला जवळ घ्या. कुठं दुखतंय का, विचारा. ते सांगेपर्यंत थांबा.

काल शाळेकडून वाऱ्यावर आवाज आला. नवी घंटी आणलेली दिसते. टिंग. मग सगळं गप्प. मी अजून दुसऱ्या टिंगकडे कान लावून बसले आहे.