मथुराबाईची उपसूचना

नवऱ्याचं नाव मी चारचौघांत दोनदाच घेतलं. एकदा लग्नात, ते काय, सगळ्याच घेतात. दुसऱ्यांदा भर सभागृहात, आणि तेही अगदी रीतसर. हसू नका. आधी नीट ऐका, मग काय हसायचं ते हसा.

सदतीस सालची गोष्ट. मुंबईत नवी असेंब्ली बसायची होती. निवडून आलेली मंडळी बसणार म्हटल्यावर दारावर उभं राहायला, चिठ्ठ्या पोचवायला, पाणी द्यायला माणसं नकोत? ती शिकवून तयार करायला रत्नागिरीत महिपत जमादार आले. मूळचे मालगुंडचे. मुंबईच्या जुन्या कौन्सिलात पट्टेवाल्यांचे जमादार होते, नुकतेच पेन्शनीत निघालेले. अंगावरचा लाल पट्टा गेला तरी पाठीचा ताठा काही गेला नव्हता. दर रविवारी लोकल बोर्डाच्या कचेरीतल्या मोठ्या खोलीत ते गावातल्या पट्टेवाल्यांना व्याख्यान द्यायचे. पावसाळ्यात आगबोटी बंद होतात, म्हणून त्याआधी एकाची निवड करून त्याला मुंबईला धाडायचं, असं ठरलेलं.

आमचे हे बोर्डातच पट्टेवाले. पहिल्या व्याख्यानाहून आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"मथुरे, जमादार काय म्हणाले ठाऊक आहे? सभागृहात कुणी कितीही भांडो, पट्टेवाल्यानं भुवई उचलायची नाय. कुणी कितीही विनोद करो, हसायचं नाय. नोकराला मत नसतं!"

"बरं," मी म्हटलं. "हात धुवा आणि जेवायला बसा."

पण कसलं जेवण आणि कसलं काय! हे स्वयंपाकघराच्या दारात ताठ उभे. सराव म्हणे. मी खोबरं किसत होते, पाठ वळवून गूळ काढायला गेले, तेवढ्यात शेजारचं मांजर आत शिरलं आणि तळलेला बांगडा तोंडात धरून यांच्या पायांमधून निघून गेलं. ह्यांनी पाहिलं की नाही? चांगलं पाहिलं! पण पापणी हलेल तर शपथ.

"अहो, बांगडा नेला ना मेल्यानं!"

"नोकराला मत नसतं," हे म्हणाले, समोरच्या भिंतीकडे बघत.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! आणि मग इतकं हसू आलं की हातातला गूळ खाली पडला.

असे रविवार जात राहिले. हे दिवसेंदिवस सुधारत गेले. कोर्टातल्या भागोजीला मधेच खोकला यायचा, दुसऱ्या कुणाला जांभई. आमचे हे मात्र खांबासारखे. वैशाखात जमादारांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, मुंबईला लवू जाईल. ऐकलंत ना, नाव जमादारांनी घेतलं, मी नाही.

मला आनंद झाला. खरंच झाला. शेजारी गोदूबाई राहायची, मासळीबाजारात बसायची ती. तिच्या घरी मी स्वतः गूळखोबरं देऊन आले. परत येऊन दार लावलं आणि मग मात्र रडू आलं.

का, ते सांगते. माझं माहेर मिरजोळ्याचं. आमच्या वाडीत लग्न झालेल्या जेवढ्या बाया, तेवढ्या एकट्या. नवरे मुंबईला. वाडीतल्या पुरुषांनी मिळून मुंबईत एक खोली घेतलेली, तिथं रांगेनं वळकट्या टाकून झोपायचं, आणि शिमग्याला नाहीतर गणपतीला आठ दिवस घरी यायचं. पोरं बापाला काका म्हणायची. माझ्या आईनं म्हणून हट्टानं मला रत्नागिरीतला नोकरदार बघून दिलेला. रोज संध्याकाळी नवरा घरी येतो, हे सुख आमच्या वाडीत माझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं, आणि आता ते पण आगबोटीत बसून निघालं.

संध्याकाळी मी सरळ विचारलं, "तुम्ही राहणार कुठं?"

"जमादारांनी मालगुंडकरांच्या खोलीत सोय लावलीय."

"आणि मी?"

हे पट्ट्याचं पितळ पुसायला लागले.

"जमादारांना विचारा की, बायकोला आणू का म्हणून."

"असं कसं विचारू? एवढ्या माणसांतून त्यांनी मला निवडलं. वर आणखी मागणं कसं मागायचं?"

"ते राहू द्या. तुम्हाला मी तिथं हवी की नको, तेवढं सांगा."

ह्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "नोकराला मत नसतं गो."

या वेळी मला हसू आलं नाही. मी पानं वाढली आणि माझं तसंच झाकून ठेवलं. हे पण नीट जेवले नाहीत. मला ठाऊक होतं, माणूस वाईट नाही, भिडस्त आहे. पण भिडेपायी बायकोला मागं टाकून जायचं म्हणजे काय!

शेवटच्या रविवारी जमादारांनी खोटी असेंब्ली भरवायची ठरवली. पट्टेवाले दारांवर उभे राहणार, पण आत बसायला सभासद कुठून आणायचे? जमादार म्हणाले, आपापल्या घरची माणसं आणा. झालं! आम्ही सगळ्या बाया नवी लुगडी नेसून खुर्च्यांवर बसलो. गोदूबाई बाजारातून थेट आलेली. जमादारांनी तिची टोपली बाहेर ठेवायला लावली आणि तिला "सन्माननीय सभासद" म्हटलं. ती लाजून चूर झाली.

जमादार अध्यक्षांच्या जागी बसले. त्यांनी समजावलं, "ठराव मांडला की त्यात बदल सुचवता येतो. त्याला म्हणायचं उपसूचना. पण उपसूचनेला दुसऱ्या कुणीतरी एकट्यानं उभं राहून अनुमोदन द्यावं लागतं. नाही दिलं, तर उपसूचना पडली. मग मी मत विचारीन. बाजूनं असाल तर होय म्हणा, विरुद्ध असाल तर नाही म्हणा. समजलं?"

"व्हय म्हाराजा!" सगळं सभागृह एका सुरात ओरडलं.

जमादारांनी कपाळाला हात लावला. आता आमची तरी काय चूक? शिमग्यात पालखी आली की गावचा मानकरी, गावकर, देवापुढं गाऱ्हाणं घालतो, सगळ्या गावाचं मागणं एकटा बोलतो, आणि आपण प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं, हीच जन्मापासूनची सवय. उंच जागी बसून कुणी मोठ्या आवाजात काही विचारलं की तोंडातून दुसरं निघतच नाही.

"हे गाऱ्हाणं नव्हे!" जमादार म्हणाले. "पहिला ठराव. रत्नागिरीतला मासळीबाजार कायमचा बंद करावा. बाजूनं असतील त्यांनी..."

"व्हय म्हाराजा!"

"विरुद्ध असतील त्यांनी..."

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गोदूबाईचा. मग तिच्या ध्यानात आलं आणि ती ताडकन उठली. "अरे मेल्या जमादारा, माझाच बाजार माझ्याच तोंडानं बंद करतोस?"

खोली हसून हसून लोळायची बाकी राहिली. भागोजी दारात उभा राहून खोकत हसत होता. एकटे आमचे हे तेवढे भिंतीकडे बघत उभे. शाबास, मी मनात म्हटलं, आणि त्याच क्षणी आठवलं, हे असेच ताठ मला मागं टाकून जाणार.

जमादारांनी डोळे पुसले. "आता शेवटचा ठराव, आणि हा खरा. लवू गंगाराम यांस असेंब्लीच्या नोकरीसाठी मुंबईस पाठवावे."

सगळ्यांनी तोंडं उघडली. आणि मी उभी राहिले. कशी राहिले, देव जाणे. डोकं मात्र तापलेलं होतं.

"थांबा! माझी उपसूचना आहे."

जमादार खुर्चीत सरळ झाले. एवढे रविवार शिकवलं त्याचं फळ बघून त्यांचा चेहरा उजळला. "मांडा, सन्माननीय सभासद."

"ह्यांना पाठवा, पण..."

"ह्यांना म्हणजे कुणाला? सभागृहात 'हे' चालत नाही. नाव घ्या."

अगं बाई! मी पदर तोंडाला लावला. सगळ्या बाया खुदखुदायला लागल्या. गोदूबाईनं मला मागून ढोसलं, "घे गो नाव! लग्नात घेतलंस ना?"

लग्नात घेतलं तसंच घ्यावं म्हणून मी मान वर केली आणि घेतलं:

"भगवती बंदरात आगबोट, सुटलाय खारा वारा,
लवूरावांच्या संगती मुंबईत मलाही द्या थारा!"

काय टाळ्या पडल्या! जमादारांनी टेबल बडवून सगळ्यांना गप्प केलं. त्यांना गंमत वाटली होती, पण माणूस नियमाचा. "उपसूचना आली. पाठवायचं तर सपत्नीक पाठवावं. अनुमोदन कुणाचं?"

कुणी उठेना. सगळ्यांबरोबर ओरडायला सांगा, छप्पर उडवतील. पण एकट्यानं उठून, एकट्याच्या आवाजात बोलायचं, जमादारांच्या डोळ्यांसमोर? गोदूबाईसुद्धा लुगड्याचा काठ चाचपत बसली. मी तिच्याकडे पाहिलं, भागोजीच्या बायकोकडे पाहिलं. दाराकडे मात्र पाहिलं नाही. तिकडं बघायचं धाडसच होईना.

"अनुमोदन नसेल तर उपसूचना पड..."

"माझं अनुमोदन!"

आवाज दारातून आला. वळून पाहते तो काय, आमचे हे! भिंतीवरची नजर निघालेली, कान लाल झालेले.

"लवू!" जमादार गरजले. "काय शिकवलं होतं? नोकराला मत नसतं!"

"नसतं, जमादार," हे म्हणाले. "दारावरच्या नोकराला नसतं. पण मथुरेच्या नवऱ्याला आहे. मला ती तिथं हवी आहे."

मला बसवेना, उभं राहवेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तोंडावर हसू. गेली नोकरी, मी म्हटलं. जाऊ दे गेली तर!

जमादार मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, आणि आवाज अध्यक्षांचा नव्हता, साधा मालगुंडच्या माणसाचा होता, "जन्मभर मी मुंबईला आणि आमची तुळसा मालगुंडात. आम्हा दोघांनाही हे सुचलं नाही रे." एवढं बोलून त्यांनी घसा खाकरला. "उपसूचनेला अनुमोदन मिळालं आहे. बाजूनं असतील त्यांनी होय म्हणावं."

"व्हय म्हाराजा!!" बाहेरच्या टोपलीवरचे कावळे उडाले.

"विरुद्ध असतील त्यांनी नाही म्हणावं."

कुणी चकार शब्द काढला नाही. गोदूबाईनं तर दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलेलं.

जमादार खुर्चीवरून उडी मारून उठले. "शिकले! अरे, शिकले सगळे!" आणि टाळ्या वाजवत सुटले.

नोकरी गेली नाही. जमादारांनी ह्यांना आधी चांगलं फैलावर घेतलं, मग मुंबईला कुणाकुणाला पत्रं धाडून आमच्यासाठी गिरगावात एका चाळीत जिन्याखालची खोली बघून दिली. शेवटच्या आगबोटीनं आम्ही दोघं निघालो तेव्हा बंदरावर जमादार आले होते, आणि त्यांच्या मागे डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी. तीच तुळसाबाई. तिनं माझ्या हातात फणसपोळीची गुंडाळी दिली आणि माझ्या गालावरून हात फिरवला.

असेंब्ली मुंबईत भरली तेव्हा ह्यांनी मला पास मिळवून दिला. मी वर प्रेक्षकांत बसले. खाली दारावर आमचे हे, डोक्याला फेटा, छातीवर पट्टा, चेहरा भिंतीसारखा. कुणी भांडलं, भुवई हलली नाही. कुणी विनोद केला, सगळं सभागृह हसलं, हे नाही. मग अध्यक्षांनी मत विचारलं आणि खालून सगळे होय म्हणाले.

तेव्हा ह्यांचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मी ओळखलं काय म्हणाले ते. मी पण वरून तेच म्हटलं, मनातल्या मनात.