कुणीच नाही

"दादा, हा फोटो आत्ताच्या आत्ता फाडून टाक. कुणाला दाखवलास तर बघ, जन्मात बोलणार नाही तुझ्याशी!"

पस्तीस वर्षं झाली, हा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. बहीण तेव्हा वीस वर्षांची होती. नर्सिंगच्या अर्जाला लावायला फोटो काढून घ्यायला गेली, आणि फोटोवाल्यानं नेमक्या क्षणी काहीतरी विनोद केला. डोळे मिटलेले, मान मागे गेलेली, तोंड उघडं आणि समोरचा एक दात शेजारच्यावर चढून बसलेला. अर्जाचे फोटो त्यानं नीट काढून दिलेच. हा एक वरचा, भेट म्हणून. तिनं लाजून तो फाडायला घेतला. वरचा कोपरा फाटला तेवढ्यात मी हिसकावून घेतला.

"फाडतो गं," म्हणालो आणि खिशात ठेवला. कसा फाडणार? असं अंगभर हसणं आमच्या घरात दुसऱ्या कुणाला जमलेलं नव्हतं.

मी स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात होतो. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर शाई, आणि रबराच्या पट्टीनं ती एका दमात ओढायची. साबणाची खोकी छापायचो. तिथं एक किडकिडीत चित्रकार यायचा. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, मग शर्टाच्या बटणांची चित्रं छापायला लागला. एकेक बटण जेवणाच्या टेबलाएवढं. त्याच्या प्रदर्शनाला तो आणि त्याची आई, एवढीच गर्दी. आम्ही त्याला 'बटण' म्हणायचो. तो चिडायचा नाही. "हसा लेको. बटणाशिवाय अब्रू राहिलीय का कुणाची?"

एका दुपारी नवी जाळी तपासायची होती. त्यासाठी गडद काळं आणि लख्ख पांढरं असलेला फोटो लागतो. बटणनं आणलेला अगदीच धुरकट निघाला. माझा हात आपसूक खिशाकडे गेला. चाचणीपुरता तर, मी मनाशी म्हटलं. डब्यांच्या तळाशी उरलेली शाई घेतली. चेहरा गुलाबी आला, ओठ हिरवे. कागद दोरीवर वाळत घातला आणि बटण त्याच्यासमोर जो उभा राहिला, तो शाई वाळेपर्यंत हलला नाही.

"मास्तर, ही कोण?"

सात-आठ माना वळल्या. बहिणीचं नाव त्या पुरुषांच्या तोंडी जायला नको, असं वाटलं. हे खरं. पण हेही खरं की माझ्या हातच्या कामापुढं कुणी असं उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. ते मला मोडवेना.

"कुणीच नाही," मी म्हणालो. "रस्त्यात सापडलेला फोटो."

त्यानं चित्राला तेच नाव दिलं. 'कुणीच नाही'. एकाचे बारा चेहरे केले, बारा रंगांत. फोटो मागून घेतला तो परत दिलाच नाही, आणि मीही मागितला नाही. वर्षभरात ते हसू शहरभर झालं. आधी वर्तमानपत्रात, मग भिंतींवर, मग पिशव्यांवर, छत्र्यांवर, चहाच्या कपांवर. बटण परदेशी जाऊ लागला. लोक त्याच्या नावापुढं 'थोर' लावू लागले. मला त्यानं कायमचा कामाला ठेवला. तो बोट दाखवायचा, मी रंग ओढायचो.

बहिणीचं त्या फोटोवाल्याशी ठरत आलं होतं. माणूस साधा. तिला हसवण्याखेरीज दुसरी कला अंगात नव्हती. ती एक दिवस वर्तमानपत्र हातात घेऊन घरी आली. रडली नाही.

"तू तर फाडला होतास ना रे?"

"हो," मी म्हणालो. "हा चित्रकारानंच कुठून तरी आणला. मी नुसता रंग ओढला."

"म्हणजे फोटोवाल्यानंच विकला."

संध्याकाळी तो दारात आला. हातात निगेटिव्हचं पाकीट. "शपथ घेतो, हे माझ्या खणातून कधी बाहेर गेलं नाही. छापलेली एकुलती प्रत तुमच्याच घरी होती. दादाला विचार हवं तर." मी आत पाणी पीत होतो. तिनं मला विचारलं नाही. भावावर तिचा विश्वास होता. दार लागल्याचा आवाज आला.

तो दुकान बंद करून गाव सोडून गेला. हिनं लग्न केलं नाही. ऑपरेशनच्या खोलीत नर्स म्हणून जन्म काढला. "बरं आहे, मास्क असतो," म्हणायची. मास्क चढवण्याआधी दिसली की पेशंट म्हणायचे, "सिस्टर, तुम्हाला कुठंतरी पाहिलंय." ती म्हणायची, "मग भूल अजून चढलेली नाही तुम्हाला." सगळे हसायचे. तीही हसायची, पण तोंडावर हात ठेवून. मास्क काढला की हात यायचा.

बटण शेवटच्या आजारात होता तेव्हा त्यानं मला बोलावून घेतलं. काचेचं घर, आणि त्यात हा पूर्वीइतकाच किडकिडीत.

"मास्तर, आता तरी सांगा. कोण होती ती?"

"कुणीच नाही."

"मग ठीक," तो डोळे मिटून म्हणाला. "मला आपलं वाटत आलं, कुणाचं तरी काहीतरी उचलून आणलंय."

त्यालाही मी तसाच जाऊ दिला.

फोटोवाला वारल्याची बातमी या भेटीच्या आधी दोनेक महिने आली होती. बहीण भाजी निवडत होती. बराच वेळ निवडत राहिली. मग म्हणाली, "दादा, त्याला माफ करायचं माझं राहूनच गेलं रे."

त्या दिवसापासून मला झोप नाही.

बटणच्या सगळ्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा तीच म्हणाली, "चल, बघून येऊ. माझं तोंड केवढं केलंय ते तरी कळू दे."

दालनात दुपारचा स्वच्छ उजेड होता. ती बारा चेहऱ्यांपुढं उभी राहिली. पांढरे केस, पायांत रबरी चपला, तोंडावर हात. बाजूला कॉलेजच्या पोरी चित्रासारखं तोंड वासून फोटो काढत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकू, जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

"आयुष्यभर मध्येच येतेय बाई," ती म्हणाली आणि सरकली.

खाली पाटी होती: 'कुणीच नाही. मूळ व्यक्ती अज्ञात.' तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"दात मात्र जसाच्या तसा आलाय हं. तू ओढलास ना हा रंग? हात चांगला होता तुझा." मग पाय दुखतात म्हणून बाकावर टेकली. "झालं बघून. चल, घरी जाऊ."

कोपऱ्यात एक काचेची पेटी होती. मी ती मघाशीच पाहिली होती. बटणचे कुंचले, चष्मा, शाईचा डबा, आणि मधोमध तो फोटो. तिला दाराकडे न्यायला मला काहीच लागलं नसतं. ती उठलीही होती, पिशवी खांद्याला होती.

"एक मिनिट," मी म्हणालो. "इकडे ये."

"आता काय?"

"ये तर."

ती आली. काचेवर वाकली. पस्तीस वर्षांपूर्वीची ती तिच्याकडे डोळे मिटून हसत होती. फोटोचा वरचा कोपरा फाटलेला होता. तिचं बोट काचेवरून हळूहळू त्या कोपऱ्यापर्यंत गेलं आणि तिथं थांबलं. तोंडावरचा दुसरा हात खाली आला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. काही विचारलंही नाही. नुसती थांबली, भावानं आपणहून सांगावं म्हणून थांबावं तशी.

"त्यानं नाही दिला गं," मी म्हणालो. "मी दिला. तो दारात उभा होता ना, तेव्हा मी आत होतो. मला सगळं ऐकू येत होतं."