आधी गुड मॉर्निंग

“परत एकाने लाथ मारली,” गळ्याइतक्या पाण्यात उभ्या असलेल्या टँटी थिओडोरा, गावच्या म्हाताऱ्या मावशी, कुरकुरल्या. “सॉरी राहू दे, निदान गुड मॉर्निंग तरी म्हणावं माणसाने.”

“तोंडात नळी असल्यावर कसं म्हणेल, टँटी?” इयान्थी म्हणाली.

“मग काढावी नळी.”

त्यांच्या आजूबाजूला मासे बघायला आलेले परदेशी पाहुणे श्वासाची नळी तोंडात धरून पालथे तरंगत होते, तोंडं खाली, ढुंगणं वर, खिशातून पडलेलं काहीतरी शोधत असल्यासारखे. मधेच एखादा डोकं वर काढून दुसऱ्याला पिवळ्या माशाची बातमी द्यायचा. तो मासा इयान्थी आठवड्यातून दोनदा तळायची. तिला या लोकांचा राग येत नसे. राग यायला समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते.

लाबिश गावच्या बायका समुद्रावर पोहायला जात नाहीत, आंघोळीला जातात. उजाडलं की डोक्यावरची गवती टोपी तशीच ठेवून छातीइतक्या, गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं आणि गावातल्या एकेकाला धुऊन काढायचं. डोकं भिजवायचं नाही, पाय उचलायचे नाहीत, आणि आधीपासून पाण्यात असलेल्या सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटल्याखेरीज गुडघ्याच्या पुढे जायचं नाही. टँटींना जमिनीवर दोन काठ्या लागत. पाण्यात त्यांना कुणाच्या हाताचीही गरज पडत नसे. दिवसातला तेवढाच वेळ त्या सरळ उभ्या असत, आणि म्हणून तेवढाच वेळ त्या खऱ्या अर्थाने भांडत.

आणि ही जागा आता जाणार होती.

जाणार होती ती आल्विनमुळे. आल्विन इयान्थीचा मावसभाऊ, तिच्याच घरात वाढलेला. तारुण्यात बर्मिंगहॅमला गेला, तिथे बस चालवली, आणि केस पांढरे झाल्यावर पेन्शन, एक बोट आणि एक पाटी घेऊन परत आला. ‘पोहणे आणि स्नॉर्केलिंग, अनुभवी मार्गदर्शक’ अशी पाटी त्याने बदामाच्या झाडाला ठोकली. कपाळावर काचेचा मुखवटा चढवून आणि पायात पोहायचे रबरी पंखे घालून तो वाळूतून फताक फताक चालायचा, आणि चालताना गुड मॉर्निंग म्हणायचा नाही. ते तो इंग्लंडात विसरून आला होता. पाहुण्यांना तो सांगे की या बायकांची आंघोळ म्हणजे बेटावरचा फार जुना धार्मिक विधी आहे. एका पाहुणीने मग इयान्थीला अदबीने विचारलं होतं की हे कुठल्या देवतेसाठी करता. इयान्थीने सांगितलं, कंबरेसाठी.

सोमवारपासून बायकांनी नदीच्या मुखाशी जावं, असं आल्विनचं म्हणणं होतं. त्यांच्या पायांनी वाळू ढवळली जाते, पाहुण्यांना मासे दिसत नाहीत. नदीच्या मुखाशी पोटरीइतका चिखल होता. तिथे दोन काठ्या घेऊन टँटी उतरल्या, तर काठ्या आणि टँटी दोन्ही तिथेच राहिल्या असत्या. हे त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. ज्या बायका सरकारला नावं ठेवताना दम घेत नाहीत, त्या आपापल्या टोपीची कड सारखी करत राहिल्या.

कारण त्याला द्यायला उत्तर एकच होतं, आणि ते द्यायला बंदी होती.

रोज पाहुण्यांची गाडी यायच्या आधी आल्विन बादलीभर समुद्राचं पाणी घेऊन झाडामागे जायचा आणि स्वतःच्या डोक्यावर ओतून घ्यायचा. मग केस मागे सारत, छातीवरून थेंब गाळत, तो असा बाहेर यायचा की आत्ताच खडकाला वळसा घालून आला असावा. झाडाच्या जाड खोडामुळे किनाऱ्यावरून काही दिसत नसे. पाण्यातून सगळं दिसत होतं. बायका बघायच्या आणि लगेच केळ्यांच्या भावाबद्दल बोलायला लागायच्या.

लहानपणी आल्विन इथेच बुडाला होता. इयान्थीच्या आईने चर्चला जायच्या कपड्यांनिशी आत शिरून त्याला केसांना धरून ओढून काढलं. पुढे कित्येक महिने तो पाण्याच्या जवळ येईना, आणि पोरं त्याला वाटीभर पाणी दाखवून पळवायची. तेव्हा आईने कोकोच्या चहाचं पातेलं ढवळत एकदाच सांगितलं, याबद्दल जो तोंड उघडेल तो या घरात जेवणार नाही. आई गेली, पातेलं इयान्थीकडे आलं, आणि पातेल्याबरोबर ती ताकीदही आली. अख्ख्या गावाने कधी ना कधी त्या घरात खाल्लं होतं, त्यामुळे ती अख्ख्या गावाला लागू होती.

शनिवारी सकाळी गुलाबी टोपीची एक पाहुणी अचानक हातपाय झाडायला लागली. मुखवट्यात पाणी शिरलं होतं. ती ओरडायची, पाणी गिळायची, परत ओरडायची. आल्विन बोटीत उभा राहून तिला श्वास घे म्हणाला, मग रोखून धर म्हणाला, पाय मार म्हणाला, शांत राहा म्हणाला. त्याने दोर फेकला तो बोटीच्या दुसऱ्याच बाजूला पडला. त्याचा डावा हात छताच्या खांबावर होता. तो हात खांब सोडत नव्हता, हे इयान्थीने पाहिलं.

बायका निघाल्या. पाण्यात घाई करता येत नाही, त्यामुळे प्रसाद घ्यायला निघाल्यासारख्या, रांगेत, टोप्या सांभाळत. टँटी सगळ्यांत जवळ होत्या. त्यांनी त्या बाईची हनुवटी धरून तोंड वर केलं.

“गुड मॉर्निंग, पोरी,” त्या म्हणाल्या. “आता उभी राहा.”

ती उभी राहिली. पाणी तिच्या छातीपर्यंत होतं.

पाहुणीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं, मग बोटीकडे. बायकांनीही बोटीकडे पाहिलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. बोटीतून पाण्यात उतरायची शिडी दोनच पायऱ्यांची होती. तेवढ्यात बोटीतल्या तिच्या नवऱ्याने आल्विनचा हात हातात घेऊन दाबला. काय डोकं शांत ठेवलंत, तो म्हणाला. आल्विनने तेही घेतलं. इयान्थीने तेव्हाच काहीतरी ठरवलं.

बोट वाळूला लागली. पाहुणे टॉवेल गुंडाळून उभे राहिले आणि आल्विन पाण्याच्या कडेला आला. आता त्याच्या आवाजात इंग्लंड जास्तच होतं. त्याने सांगितलं की तुमच्या गर्दीमुळे बाई घाबरल्या. आता सोमवारची वाट पाहायची नाही, उद्यापासूनच तिकडे जायचं.

“मला तिकडे उतरता येणार नाही, आल्विन,” टँटी हळू म्हणाल्या. इयान्थीच्या आठवणीत टँटींनी कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. मागायची सवय नसल्यामुळे त्यांना ते नीट मागताही आलं नाही.

आल्विन म्हणाला, फळ्या टाकून घेऊ. एक लाट येऊन त्याच्या पंख्यांना लागली. तो मागे सरला.

इयान्थी गुडघाभर पाण्यापर्यंत आली.

“गुड मॉर्निंग, आल्विन.”

तो गडबडला. “गुड मॉर्निंग,” त्याच्या तोंडून निघालं. परत आल्यापासून पहिल्यांदा.

“टँटींना दम लागलाय. आत ये, त्यांना हात दे, बाहेर घेऊन ये. मग आम्ही सगळ्या उद्यापासून तिकडे जाऊ. काही बोलणार नाही.”

पाहुण्यांना हे योग्यच वाटलं. नवरा म्हणाला, हो हो, जा ना, त्यांचा हात धरा. गुलाबी टोपीही मान हलवत होती. टँटी गळ्याइतक्या पाण्यात अगदी ताठ उभ्या होत्या, दम वगैरे काही लागलेला नव्हता, पण त्यांनी इयान्थीला खोटं पाडलं नाही.

आल्विनने पंख्यासकट एक पाय उचलला आणि तिथेच ठेवला. मुखवटा कपाळावरून घसरून नाकावर आला. काचेमागे त्याचे डोळे मोठे दिसत होते आणि ओठ हलत होते, आवाज नव्हता. असे ओठ इयान्थीने एकदाच पाहिले होते, वाळूवर, आईच्या भिजलेल्या रविवारच्या कपड्यांजवळ.

तिने ठरवलं होतं की हे चांगलं चवीचवीने बोलायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ती आणखी दोन पावलं पुढे आली, त्याच्या नाकावरचा मुखवटा नीट वर सारला, आणि घरात बोलतात तशा आवाजात म्हणाली,

“तुला पोहता येत नाही, आल्विन.”