दोघींच्या वेण्या

"मान खाली," काकू म्हणाल्या आणि त्यांनी उंच मुलीच्या कानामागचा पेड असा ओढला की तिच्या भुवयाच वर गेल्या.

"आई गं! काकू, डोकं राहू द्या की जागेवर."

"जागेवर राहावं म्हणूनच ओढतेय. वेणी सैल राहिली की केस डोळ्यांवर येतात, आणि डोळ्यांवर केस आले की समोरून काय येतंय ते कळत नाही. गप्प बस."

उंच मुलगी परगावाहून आली होती. सोबत शिकवणारे सगळे दादालोक. त्यांना बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नाही, असं तिनेच आल्या आल्या सांगितलं होतं आणि कंगवा घेऊन ती सरळ प्रतिस्पर्धी क्लबच्या खोलीत येऊन बसली होती. थोड्या वेळाने जाळीच्या पिंजऱ्यातल्या लढतीत जिच्याशी तिची गाठ पडणार होती, ती काकूंची मुलगी शेजारच्या बाकावर हातांना पट्ट्या गुंडाळत होती. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. वेणी घालणारी एकच बाई असली तर दोघींची तीच घालते, ही इथली रीतच होती.

काकूंचं पार्लर होतं आणि हात असा की मुलीच्या क्लबातल्या सगळ्या मुली त्यांच्याखेरीज कुणाला डोक्याला हात लावू देत नसत. डोक्याला चिकटून मागे जाणाऱ्या चार वेण्या, टोकाला काळी रबरं. घाम येवो, कुणी मान आवळो, केस हलायचा नाही. पण वेण्या झाल्या की काकू पिशवी उचलून घरी जात. लढत त्यांनी कधी पाहिली नव्हती. माणसाने माणसाला लाथा घालायच्या आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटायच्या, हा कसला खेळ, असं त्या कुणाच्याही तोंडावर सांगत.

"अगं आई, यात डोकं लागतं," मुलगी म्हणायची.

"लागतं ना! म्हणूनच टाके घालावे लागतात."

मुलीला घरीदारी बारकी म्हणत. जन्मली तेव्हा ओंजळीत मावेल एवढीशी होती, जगते की नाही याचीच सगळ्यांना धास्ती. नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. मागच्या लढतीनंतर ती भुवईवर टाके घेऊन घरी आली आणि मायलेकींचं असं वाजलं की शेजारणीने दार लावून घेतलं. शेवटी तोड बारकीनेच काढली. ही लढत जिंकली तर आईने पुन्हा चकार शब्द काढायचा नाही. हरली तर बारकी खेळ सोडून पार्लरमध्ये येणार. काकूंनी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच, की बारकी जराशी खट्टू झाली.

उंच मुलगी आरशात बघून खूश होऊन गेली. बारकी येऊन पायांशी बसली.

काकूंनी भांग पाडला आणि केस बाजूला केले. कानाच्या वर, केसांच्या आत, सरावातलं टेंगूळ होतं. पिवळं पडत चाललेलं, बोट लागलं तरी गरम. बारकीने याबद्दल घरी काही सांगितलं नव्हतं. काकूंनी केस पुन्हा टेंगळावर सारले. मग त्यांनी पहिला पेड घेतला. उंच मुलीच्या डोक्यावर जे हात दोरखंड वळल्यासारखे चालले होते, ते आता टेंगळाला वळसा घालत हळूहळू चालू लागले.

"घट्ट ओढ गं."

"ओढतेय."

"लागत नाहीये मला. ओढ अजून."

"आता तू मला वेणी शिकवणार का?" काकू म्हणाल्या आणि शेवटचं रबर लावलं.

त्या दिवशी मात्र त्या घरी गेल्या नाहीत. दाराजवळच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

पहिल्या राउंडला त्यांना फक्त धपाधप ऐकू आलं. डोळे पिशवीच्या बंदावर. दुसऱ्या राउंडला शेजारचा गृहस्थ स्वतःशीच "वा!" म्हणाला तेव्हा त्यांनी मान वर केली. उंच मुलीचा लांब हात येत होता आणि बारकी तिथे नसायची. नुसती पळत नव्हती ती. हात कुठून निघतोय हे तिला आधीच ठाऊक असल्यासारखी खांदा चुकवून आत शिरत होती. मग तिने उंच मुलीच्या कमरेला मिठी घातली, एक पाय तिच्या पायामागे टाकला, आणि तेवढ्याशा पोरीने तेवढी धिप्पाड मुलगी अलगद खाली बसवली. त्यात राग नव्हता. काकूंनी आयुष्यभर हातांची कामं पाहिली होती. कुणाचा हात शिकलेला आहे आणि कुणाचा नुसता जोरात चालतो, हे त्यांना लांबूनही कळायचं.

"कुणाची हो ही पोरगी?" गृहस्थाने विचारलं.

"माझी," काकू म्हणाल्या. आवाज जरा मोठाच निघाला.

त्यांना भारी आनंद झाला होता, आणि त्याच्या मागोमाग लाजही वाटली. इतकी वर्षं ही पोर घरी येऊन हेच तर सांगत होती.

शेवटच्या राउंडच्या मध्यात बारकीच्या कानावरची वेणी सुटली. आधी एक बट आली, मग सगळे केसच पुढे आले. बारकीने फुंकर मारली. डोकं झटकलं. काकू अर्धवट उभ्या राहिल्या. लढत चालू असताना तिथे कुणालाच जाता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. बारकीने मनगटाने केस मागे सारले, आणि हनुवटीवरचा हात तेवढ्यापुरता खाली आला. उंच मुलीची लाथ त्याच बाजूने आली.

बारकी बसली, उठली, पुन्हा बसली. रेफरीने मध्ये पडून लढत थांबवली.

डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं, बोटं मोजायला लावली, ठीक आहे म्हणाले. खोलीत बारकी बर्फाची पिशवी गालाला लावून बसली होती. केस खांद्यांवर मोकळे. काकू समोर उभ्या.

"रबर कच्चं निघालं मेलं," काकू म्हणाल्या.

"असू दे गं. होतं असं." बारकीने आईचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "तू थांबलीस, बघितलंस. कसं वाटलं?"

काकूंनी नुसती मान हलवली.

"काकू, आहात का?" दार ढकलून उंच मुलगी आत आली. ओठ सुजलेला, चेहरा आनंदाने फुललेला. तिने आधी बारकीला मिठी मारली. "काय दमवलंस गं मला! पुढच्या वेळी तू मला सोडणार नाहीस, दिसतंय मला." मग ती काकूंपुढे खाली बसली. "या वेण्या काढून द्या ना. मी नि आमचे दादालोक, सगळे खटपट करून थकलो. जराही हलल्या नाहीत हो!"

काकूंनी पिशवीतून कंगवा काढला. पेड उकलता उकलेना.

बारकीने बर्फ खाली ठेवला. ती उंच मुलीच्या दुसऱ्या बाजूला बसली, तिने एक वेणी हातात घेतली आणि तिच्यावरून टोकापर्यंत अंगठा फिरवला. टोकाला तेच काळं रबर होतं, धडधाकट. तिने आईकडे पाहिलं. काकूंनी वर पाहिलं नाही.

"टेंगूळ होतं गं तिथे," काकू अगदी हळू म्हणाल्या.

बारकीने पिशवीतून दुसरा कंगवा घेतला, त्याच्या टोकाने रबर सोडवलं आणि ती एकेक पेड मोकळा करू लागली. हात हलका होता. केस कुठे ओढला जात नव्हता.

"अगं, तुलाही येतं की हे!" उंच मुलगी म्हणाली.

"येतं थोडंफार," बारकी म्हणाली. "उद्यापासून आईकडे नीट शिकणार आहे."