उघाडीतलं लाकूड

माझा नवरा अमोल धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. तो घरी असतो तेव्हा झोपलेला असतो आणि जागा असतो तेव्हा घरी नसतो. अष्टमी गावातल्या आमच्या खोलीत पोरं बापाला त्याच्या घोरण्यावरूनच जास्त ओळखतात, हे मी त्याला येता-जाता ऐकवते. त्यामुळे गणपती पाण्यात गेल्यावर सलग दोन सुट्ट्या मिळाल्या तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "चला, पोरांना गावाला नेऊन मासे पकडायला शिकवतो." मी लगेच पिशवी भरली.

आमचं गाव पेणच्या खाडीकडेचं. खाडी आणि भातशेतीच्या मध्ये मातीचा बांध आणि त्या बांधात उघाडी, म्हणजे लाकडी झडप. भरती आली की पाण्याच्या जोरानं ती मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून खाडीत जातं. मासे खाणारी माणसं हिच्याशी एक लबाडी करतात. भरतीच्या वेळी झडपेत लाकूड अडकवतात, म्हणजे थोडं खारं पाणी आतल्या चरात येतं आणि त्याच्याबरोबर मासे येतात. चराच्या तोंडाला जाळं लावायचं, मासे धरायचे आणि घरी जाताना लाकूड काढायचं. हे शेवटचं काम कोणी चुकवत नाही, कारण चुकवलं तर पुढच्या भरतीला शेतात खाडी शिरते.

त्या दिवशी अमोलनं नऊ वर्षांच्या नम्रताला गरीला कोळंबी लावायला शिकवलं. धाकटा सुजय चिंबोरीच्या मागे धावून दोनदा चिखलात उताणा पडला. नम्रताच्या गरीला हातभर बोईट लागलं तेव्हा ती घाबरून "बाबा, हा मला ओढतोय!" म्हणून ओरडली, आणि आम्ही पोट धरून हसलो. पाच वर्षांत माझा नवरा इतकं बोललेला मी ऐकला नव्हता. मला फार बरं वाटत होतं.

संध्याकाळी सुजय कुडकुडायला लागला. अमोलनं हातपाय धुऊन कोरडे कपडे घातले, जाळं गुंडाळलं आणि मग त्याला झडपेत अडकवलेलं लाकूड आठवलं. पाणी ओसरून झडपेखाली कमरेएवढा चिखल राहिला होता. मीच म्हणाले, "आता परत उतरलास तर ती पँट मी धुणार नाय. सकाळी काढ." तो खुशीनं थांबला. तेवढ्यात पुढे गेलेली नम्रता मागे वळली आणि तिनं विचारलं, "बाबा, लाकूड काढलं?"

"काढलं, काढलं. चल."

मी ऐकलं. पुनवेचं उधाण रात्री येणार हेही मला माहीत होतं. पण बोईट तळायचं होतं, पोरं भुकेली होती आणि एका रात्रीत काय होतंय, असं मी मनाला समजावलं. मन काय, समजावलं की समजतं.

सकाळी आरडाओरडा ऐकून आम्ही बांधावर गेलो. जनूकाकांच्या, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांच्या शेतात पाणी साचलं होतं. भात पोटरीला आलेलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. काकांनी ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

"उघाडीत लाकूर हाय," शेजारचा केरू म्हणाला. "ह्यो मंगळ्याच असंल. रात्री चिंबोऱ्या धरतो ना हितं."

मंगळ्या वरच्या कातकरवाडीतला. दरवर्षी काकांच्या शेतात लावणी-कापणीला तो आणि त्याची बायको मजुरीला असतात. तोही आरडाओरडा ऐकून आला होता. "मी नाय केलं, जनूशेट. रातच्याला मी आलोच नाय."

"मग कोनी केला?" काका म्हणाले. "अमोल, काल तुमी व्हते ना?"

अमोल बोलायच्या आधी नम्रता पुढे झाली. "आजोबा, आम्ही लाकूड काढलेलं. मी बाबांना विचारलं होतं. माझे बाबा खोटं नाय बोलत."

काकांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, असं कोणीतरी म्हणालं. मग काका मंगळ्याकडे वळले. "आजपासून ह्या बांधावर दिसू नको. कापनीला पन येऊ नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी कशी देतात, ते मी डोळ्यांनी बघत होते. अमोल जमिनीकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते, की आता बोलेल, आता बोलेल. मंगळ्या वळून चालायलाही लागला. त्यानं वादसुद्धा घातला नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

"काका, लाकूड आमचं हाय," मी म्हणाले. सासरच्या पुरुषमाणसांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. "ह्यांनी काढलं नाय. मीच म्हटलं, सकाळी काढा."

अमोलनं मान वर केली, "व्हय काका, माझीच चूक," म्हणाला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी चिखलात उतरला. मंगळ्या थांबला, मागे आला आणि त्याच्या बाजूला उतरून झडपेला खांदा दिला. काका पाण्यातल्या भाताकडे वळले.

नम्रताचा हात माझ्या हातात होता. ती बापाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल, बाबा खोटं का बोलले म्हणून विचारेल, आणि त्याचं उत्तर मी मनात जुळवलंही होतं. तिनं हात हळूच सोडवून घेतला.

"आई, मी बाबांना विचारलं तेव्हा तू तिथंच होतीस ना?"